जहाजावरील संध्याकाळचा पोशाख

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



बोटीच्या प्रवासाविषयी चार शब्द बोलावेत, असे कार्यकारिणीने मला फर्माविले आहे. मी काही मोठी प्रवासी नव्हे. वरळीहून राजापूर आणि राजापुराहून वरळी, एवढाच माझा आजवरचा प्रवास. परंतु गेल्या वर्धापनदिनानंतर दोन महिन्यांनी, मुलाच्या खटपटीने, सात रात्री एका मोठ्या प्रवासी जहाजावर काढण्याचा योग आला. जहाजाचे नाव मी मुद्दामच सांगत नाही, कारण मुलाची नोकरी तेथे आहे. सिंगापूर कसे होते, पेनांग कसे होते, हे आपणांला फोनवरच्या छायाचित्रांतून दाखवून झालेच आहे, आणि एव्हाना आपणांला त्याचा कंटाळाही आला असेल. मला बोलावयाचे आहे ते संध्याकाळी सहानंतर जहाजावर काय नेसावे, ह्या नियमाविषयी. विषय क्षुल्लक वाटेल. मलाही तो तसाच वाटला होता.

आमचा मुलगा जहाजाच्या धोबीखान्यात आहे. सात-आठ महिने पाण्यावर आणि मग दोन महिने घरी, असे त्याचे चालते. कामगारांच्या आईबापांना भाड्यात सवलत मिळते, ती त्याने आम्हांला मिळवून दिली. जहाजावर पाय ठेवल्यावर ह्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे पावलांनी खोली मोजली. "आपल्याएवढीच आहे," म्हणाले. आणि खरेच, आपली बीडीडीची खोली १६० चौरस फुटांची, तीही जवळजवळ तेवढीच. फरक एवढाच की मोरी-संडास आत होते आणि खोलीत आम्ही दोघेच होतो. एवढ्याच जागेत आपण सहा-सहा माणसे राहिलो, हे त्या गोऱ्या प्रवाशांना सांगितले असते तर पटले नसते.

जहाजाची रीत अशी की, रोज रात्री खोलीत एक छापील पत्रक ठेवतात. दुसऱ्या दिवशी कोणते बंदर, किती वाजता उतरायचे, कोठे गाणे, कोठे नाच, हे सारे त्यात असते, आणि एका चौकटीत उद्या संध्याकाळचा पोशाख कोणता हेही असते. साध्या संध्याकाळी साधाच पोशाख चालतो; फक्त खालच्या मोठ्या भोजनगृहात अर्ध्या चड्डीत येऊ नये. सात रात्रींपैकी दोन रात्री मात्र थाटाच्या. त्या रात्री पुरुषांनी कोट आणि टाय, किंवा काळा डिनर-कोट आणि गळ्याला बो. बायकांनी ईव्हनिंग गाऊन.

'गाऊन' हा शब्द वाचला आणि माझा जीव भांड्यात पडला. गाऊन तर माझ्या पिशवीत तीन होते! हे म्हणाले, "त्यात काय, तू तर सकाळपासून तोच घालतेस." भगिनींनो, आपण हसता आहात, पण मी खरोखर त्या समजुतीत अर्धा तास होते. मुलगा काम आटोपून आला तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. "आई, तो गाऊन निराळा आणि आपला गाऊन निराळा. तू साडी नेस. शेवटच्या ओळीत लिहिलंय बघ, राष्ट्रीय पोशाख चालेल."

थाटाची रात्र पहिल्या दिवशी कधी नसते आणि शेवटच्या दिवशीही नसते, हे मला त्यानेच सांगितले. पहिल्या दिवशी सर्वांच्या पेट्या खोलीपर्यंत पोहोचलेल्या नसतात, आणि शेवटच्या रात्री त्या बांधून दाराबाहेर ठेवायच्या असतात. ही पूर्वापार चालत आलेली वहिवाट आहे. मुंबईहून विलायतेला बोटी जात, त्या काळी वरच्या वर्गाचे प्रवासी रोज रात्री जेवणासाठी कपडे बदलीत. तांबड्या समुद्रात उकाडा असह्य होई, म्हणून तेवढ्यापुरता कोट उतरवून सदऱ्यावर कंबरेला रेशमी पट्टा बांधून जेवायला बसण्याची मुभा पुढे निघाली. त्या पट्ट्याला ते अजूनही 'कमरबंद' म्हणतात. आपल्याकडूनच तो साहेबांनी उचलला. मुलगा म्हणतो, थाटाच्या दिवशी धोबीखान्यात सकाळपासून इस्त्रीला श्वास नसतो. कडक छातीचे सदरे, कोट, कमरबंद, एकावर एक. कोणता सदरा कोणाचा हे त्याला माहीत नसते, आणि ज्याचा सदरा त्याला इस्त्री कोणी केली हेही माहीत नसते. त्याच बोटींवर आपल्या कोकणातले किती खलाशी आणि गोव्याचे किती आचारी राबून गेले! त्यांनाही नियम होताच, तो गणवेशाचा. आमच्या मुलालाही आहे. छातीवर नावाचा बिल्ला नसेल तर त्याने जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहायचे नाही, आणि बिल्ला असला तरी कामाशिवाय प्रवाशांच्या जागेत यायचे नाही. आम्हांला भेटायचे तर वरिष्ठांची परवानगी काढून.

तर दुसऱ्या रात्री थाट होता. मी माझी जांभळी पैठणी नेसले. पैठणी म्हणजे सेमी, दादरला घेतलेली. येवल्याच्या मागावरची नव्हे. येथे बसलेल्या प्रत्येकीला ती पाच पावलांवरून ओळखता येते, आणि काही जणींनी मला तसे बोलूनही दाखविले आहे. जहाजावर मात्र तिला कोणी सेमी म्हटले नाही. लिफ्टमध्ये एका परदेशी बाईने पदरावरच्या मोराला हात लावून पाहिला. भोजनगृहाच्या दाराशी जो मुख्य वाढपी होता, त्याने मला वाकून नमस्कार केला.

आणि ह्यांना थांबविले.

ह्यांच्या अंगावर पांढरा सदरा-लेंगा होता, परीटघडीचा, आणि पायांत कोल्हापुरी वहाणा. ह्याच पोशाखात हे गणपतीच्या आरतीला उभे राहतात, ह्याच पोशाखात मुलीचे कन्यादान केले. दारावरचा माणूस उद्धट नव्हता, हे मला सांगितलेच पाहिजे. तो हळू आवाजात म्हणाला की, आज जरा नियम आहे, साहेबांनी कोट घालून यावे, आणि तसे नसेल तर वरच्या मजल्यावर जेवणाची उत्तम सोय आहे. मी पत्रकातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. त्याने ते वाचले, माझ्या साडीकडे पाहून मान डोलावली, आणि ह्यांच्याकडे पाहून गोंधळला. साडी हा राष्ट्रीय पोशाख, हे त्याला ठाऊक होते. सदरा-लेंगा हा काय आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मागे रांग वाढत होती. हे मला म्हणाले, "तू जा आत. मी वर जाऊन येतो."

हे गिरणीत साचेखात्यात होते. बदलीवरून नुकतेच कायम झाले आणि १९८२ चा संप आला. पुढे आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारावर पहारा केला. कोणाला आत सोडायचे आणि कोणाला नाही, हे काम त्यांनी २६ वर्षे केले. त्यामुळेच की काय, दारावरच्या माणसाशी त्यांनी हुज्जत घातली नाही. पण लिफ्टकडे जाताना त्यांची पाठ मी पाहिली.

मी आत गेले नाही. वरच्या मजल्यावर गेलो. तेथे कोणी काहीही घालून बसले होते, आणि जेवण जवळजवळ तेच होते. ते पदार्थ आपल्या हाताने वाढून घ्यायचे, एवढेच. हे निवांत जेवले. माझ्या मात्र घशाखाली घास उतरेना. तुम्हांला वाटेल, नवऱ्याचा अपमान झाला म्हणून. तेही होतेच. परंतु दुसरेही एक कारण होते, ते थोड्या वेळाने सांगते.

त्या रात्री मला गांधीजींची आठवण झाली. १८८८ च्या सप्टेंबरात ते मुंबईहूनच बोटीने विलायतेला निघाले. काट्या-चमच्याने जेवता येत नव्हते, कोणत्या पदार्थात मांस आहे हे विचारण्याचा धीर होत नव्हता, म्हणून बहुतेक वेळ ते भोजनगृहात न जाता खोलीतच, बरोबर नेलेली मिठाई आणि फळे खाऊन राहिले. बोटीवर काळा सूट वापरला आणि पांढरा फ्लॅनेलचा पोशाख उतरताना घालायचा म्हणून राखून ठेवला. उतरले तेव्हा सप्टेंबर संपत आला होता आणि पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच. सामानाच्या किल्ल्या अडत्याकडे. बदलायचे तरी कसे? हे सारे त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच लिहिले आहे. पुढे १९३१ साली हेच गांधीजी गोलमेज परिषदेसाठी गेले आणि पंचा व शाल ह्या पोशाखात बादशहाच्या राजवाड्यातल्या मेजवानीलाही जाऊन आले. पण त्या मुक्कामाला पोहोचायला ४३ वर्षे लागली, आणि दरवेळी माणूस गांधी नसतो.

बायकांचे निराळे. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. वय अवघे अठरा. निघण्यापूर्वी फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भाषण केले, तेव्हाच त्यांनी सांगून टाकले होते की, मी माझे आचार आणि पोशाख बदलणार नाही. तिकडच्या थंडीत नऊवारीने पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून पुढे त्यांनी गुजराती पद्धतीने पायघोळ साडी नेसणे पत्करले. पण साडी सोडली नाही. १८८५ साली फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय कॉलेजात काढलेले तीन विद्यार्थिनींचे छायाचित्र आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. एक जपानची, एक सीरियाची आणि आपल्या आनंदीबाई. तिघीही आपापल्या देशाच्या वेषात बसल्या आहेत. पुढच्या वर्षी त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत गेल्या. बावीस वर्षेही पुरती झाली नव्हती.

मला असे वाटते की, त्या दारावरच्या माणसाने माझ्या पदराला जो नमस्कार केला, त्यामागे अशा किती जणी उभ्या होत्या. आपण साडी नेसून कचेरीत गेलो, परदेशी गेलो, विमानात बसलो; म्हणून जगाला साडी ओळखीची झाली. पुरुषांनी मात्र धोतर आणि सदरा-लेंगा घरी, देवळात आणि लग्नात ठेवला आणि बाहेरच्या कामाला पाटलोण चढविली. मग बाहेरच्या दारावर तो ओळखणार कोण? आणि हे परक्या जहाजावरच घडते असेही नाही. २०१४ च्या जुलैत चेन्नईच्या एका क्लबात मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनाच वेष्टी, म्हणजे त्यांचे धोतर, नेसले म्हणून पुस्तक-प्रकाशनाच्या समारंभाला आत सोडले नाही. पुढच्याच महिन्यात तेथल्या विधानसभेने कायदा करून असे अडविणे बंद केले. आपल्या मुंबईत १९८८ साली चित्रकार हुसेन ह्यांना एका क्लबातून परत पाठविले होते, ते पायांत काही नव्हते म्हणून. ह्यांच्या पायांत निदान वहाणा होत्या!

आता ते दुसरे कारण.

गेल्या वर्षी वर्धापनदिनाची सूचना फळ्यावर लागली होती, ती आपणां सर्वांना आठवत असेल. "प्रत्येक भगिनीने पैठणी नेसून व नथ घालून यावे. पोशाख नसल्यास सामुदायिक छायाचित्रात उभे राहता येणार नाही." ती सूचना कार्यकारिणीची होती, पण अक्षर माझे होते. चिटणीस मीच. आणि "पोशाख नसल्यास" हे शब्दही माझेच. कोणी सांगितले नव्हते. शोभा राहावी म्हणून मीच पदरचे घातले.

गेल्या वर्षीच्या स्मरणिकेत ते छायाचित्र छापले आहे. छान आले आहे. मोजून पाहा, त्यात ४२ जणी आहेत. मंडळात आपण ४३. तळमजल्यावरच्या ताई त्यात नाहीत. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाचा चहा त्यांनी केला आहे. पहाटे चारला उठून पोळ्या लाटायच्या, डबे भरायचे, मग दिवस सुरू. त्यांच्याकडे पैठणी कोठून असणार? मी त्यांना बोलवायला गेले होते. त्या म्हणाल्या, "तुम्ही उभ्या राहा, मी चहाकडे बघते." मी बरे म्हणाले आणि जिना उतरून मैदानात आले. जहाजावर हे "तू जा आत" म्हणाले, तेव्हा मला ताईंचा आवाज ऐकू आला. तोच सूर. ज्याला दाराशी अडवायचे तोच मुळी दुसऱ्याची अडचण होऊ नये म्हणून बाजूला होतो.

माझे म्हणणे असे नाही की नियम नसावा. नवरात्रात ठरलेल्या रंगाच्या साड्या नेसून आपण लोकलच्या डब्यात बसतो, तेव्हा किती बरे वाटते! वर्तमानपत्राने रंग छापायचे आणि चर्चगेटपासून विरारपर्यंत सगळा डबा पिवळा व्हायचा. ह्यात सक्ती कोणाची नाही आणि दुसऱ्या रंगाची साडी नेसलेलीला कोणी उठवीत नाही. उलट, २०१४ मध्येच नव्या मुंबईत गोठिवली गावच्या महिला मंडळाने दिवसा गाऊन घालून बाहेर फिरणाऱ्या बाईला ५०० रुपये दंड ठरविला होता. वर्तमानपत्रांतून बराच गाजावाजा झाला. तेव्हा आपण त्यांना हसलो होतो. त्यांनी दंड लावला, आपण छायाचित्रातून काढले, कोणते स्वस्त?

आणि जहाजाची एक गोष्ट मला कबूल करावी लागते. त्यांनी ह्यांना दाराशी थांबविले खरे, पण उपाशी ठेवले नाही. वर दुसरे दार उघडे होते, आणि तेथले अन्न उणे नव्हते. आपल्याकडे ते दुसरे दार कोठे होते? स्टोव्हजवळ.

पाचव्या रात्री पुन्हा थाट होता. मुलाला सारे कळले होते. वाढप्यांपैकी कोणीतरी त्याला सांगितले असावे. तो एक शब्द बोलला नाही. दुपारी येऊन सदरा-लेंगा घेऊन गेला आणि संध्याकाळी खळ घालून, धार येईल अशी इस्त्री करून घेऊन आला. पिशवीच्या तळाशी लग्नातले काळे जाकीट होते, तेही त्याने काढून वाफेखाली धरले. स्वतःचे गणवेशाचे काळे बूट पुढे ठेवले. हे म्हणाले, "तुला काय घालशील?" तो म्हणाला, "मी खाली आहे बाबा, खाली कोण बघतंय."

बूट एक बोट मोठे होते. कापसाचे बोळे पुढे घातले. दाराशी तोच माणूस. ह्या वेळी त्याने ह्यांनाही वाकून नमस्कार केला आणि "शेरवानी फार छान" म्हणाला. पाच बटणांच्या एका जाकिटाने सदरा-लेंग्याची शेरवानी झाली! ह्यांनी त्याची समजूत दुरुस्त केली नाही. आत बसल्यावर पांढऱ्या टेबलक्लॉथची कड दोन बोटांत धरून पाहिली आणि म्हणाले, "वीण चांगली आहे." जेवणाविषयी मात्र त्यांचे मत असे पडले की, वरच्या मजल्यावर जास्त गरम मिळते.

जेवून निघालो तेव्हा मोठ्या जिन्यावर फोटोवाला उभा होता. मुलाने अर्ध्या तासाची परवानगी काढली होती. तो गणवेशात, छातीवर बिल्ला, पायांत कोणा सोबत्याचे बूट. आम्हां दोघांच्या मध्ये उभा राहिला. तो फोटो आमच्या घरी कपाटाच्या दारावर आहे. आलात तर पाहालच.

परत आल्यावर मी तळमजल्यावर गेले आणि ताईंना सारी हकीकत सांगितली, सूचनेच्या अक्षरासकट. त्या पोळ्या लाटीत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारले, "वर जेवण तेच होतं ना?"

"जवळजवळ तेच."

"मग भाऊ दुसऱ्या वेळेला खाली कशाला गेले?"

मी म्हटले, "पोराने इस्त्री केली होती म्हणून."

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. एक गरम पोळी तूप लावून माझ्या हातावर ठेवली. सूचनेविषयी त्यांनी मला माफ केले की नाही, हे मी अजून विचारलेले नाही.

ह्या वर्षीची सूचना फळ्यावर आहेच. तीही माझ्याच अक्षरात आहे. तारीख, वेळ आणि "सर्व भगिनींनी यावे" एवढेच लिहिले आहे. ज्यांना पैठणी नेसायची हौस असेल त्यांनी अवश्य नेसावी. मीही आज नेसलेच आहे, सेमीच. आपल्यापैकी ज्या २०२५ च्या ऑगस्टनंतर नव्या इमारतीत ५०० फुटांच्या घरात राहावयास गेल्या आहेत, त्याही आज लिफ्टने उतरून आल्या आहेत, हे पाहून आनंद वाटतो. छायाचित्रकार पाच वाजता येणार आहेत आणि नंतर मैदानात ऊन राहत नाही. तेव्हा तळमजल्यावरच्या ताईंना माझी जाहीर विनंती आहे की, चहाचे आधण उतरवून ठेवावे आणि हात पुसून यावे. चहा आज जरा उशिरा मिळाला तर कोणी कुरकुर करू नये.